शेजारच्या कुत्र्याबद्दलचा अर्ज: एक साधा कागद इतिहासासाठी कसा वाचायचा?



पेट पास झालं, मुलाखत तोंडावर आली की जवळपास प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. 'विषय मोठा घेऊ की लहान?' माझं उत्तर ठरलेलं आहे. विषय लहान घ्या, पण त्याला विचारायचा प्रश्न मोठा ठेवा. हे बोलायला सोपं आहे, करायला अवघड. म्हणून आज एक अगदी लहान विषय घेऊन ते करून दाखवतो: शेजाऱ्याचा कुत्रा फार भुंकतो, अशी तक्रार.

हसू नका. माझा पीएच.डी.चा विषय पुण्यातल्या शहरी आवाजांचा इतिहास आहे. पहिल्या प्रेझेंटेशनला मी कुत्र्यांचा उल्लेख केला तेव्हा समितीतले एक सर हसलेच होते. नंतर त्यांनीच विचारलं, "पण ही तक्रार नोंदवते कोण? आणि ऐकतं कोण?" माझा अख्खा अभ्यास त्या दोन प्रश्नांवर उभा आहे. त्यात मी पुढे तिसरा घातला: ऐकणारा शेवटी करतो काय? हे तीन प्रश्न लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहेत.

आधी कागद

सुरुवात घरापासून करतो. आमची सोसायटी कोथरूडच्या बाजूला आहे, तीन मजली, जुनी. दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या जुन्या फायली स्कॅन करायचं काम माझ्यावर आलं. 'तू इतिहासवाला ना, मग कर' एवढाच त्यामागचा विचार! त्या फायलींत मला जून २००९ चा एक अर्ज सापडला. तो आमच्याच विरुद्ध होता. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सचिवांना लिहिलेला. 'वरच्या सदनिकेतील कुत्रा सतत भुंकतो, त्यामुळे आम्हास असह्य त्रास होतो, तरी योग्य ती कारवाई व्हावी' अशा अर्थाचा मजकूर. खाली तारखा आणि वेळा.

तो कुत्रा मला चांगला आठवतो. मी तेव्हा शाळेत होतो. अर्जानंतर कमिटीने नोटीस बोर्डावर सूचना लावली, मग आम्हाला पत्र आलं. महिनाभरात बाबांनी कुत्र्याला सासवडकडच्या नातेवाइकांच्या मळ्यावर नेऊन सोडलं. तो तिथे फार दिवस जगला नाही. त्या काकांशी आमचं बोलणं बंद झालं ते झालंच. त्यामुळे अर्ज हातात आला तेव्हा पहिल्यांदा रागच आला. एक सांगून ठेवतो: संशोधकाला राग आला की त्याने लिहू नये, पुन्हा वाचावं.

पुन्हा वाचलं तेव्हा वेळांकडे लक्ष गेलं. मी समजत होतो की तक्रार रात्रीच्या भुंकण्याची असणार. पण यादीतल्या सगळ्या वेळा दुपारच्या होत्या. साडेबारा ते चार. रात्रीची एकही नोंद नाही. मग दोन प्रश्न पडले. कुत्रा दुपारीच का भुंकत होता? आणि दुपारच्या भुंकण्याचा इतका त्रास कोणाला होत होता?

पहिल्याचं उत्तर आमच्या घरात होतं. त्याच महिन्यात आईला नोकरी लागली होती. मी आणि ताई शाळेत, बाबा ऑफिसात. घर आयुष्यात पहिल्यांदा दुपारी रिकामं राहायला लागलं होतं आणि कुत्रा एकटा पडला होता. दुसऱ्याचं उत्तर खालच्या मजल्यावर होतं. काकू हॉस्पिटलात नर्स होत्या, त्या महिन्यांत त्यांना रात्रपाळी होती. दुपार ही त्यांची रात्र होती.

अर्जात यातलं एक अक्षर नाही. तरीही वेळांच्या त्या यादीत हे सगळं आहे. आमच्या घराचं तेव्हाचं वेळापत्रक आम्ही कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. ते लिहून ठेवलं आमच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्याने. तक्रारीचा कागद तक्रारदाराबद्दल सांगतो हे सगळ्यांना कळतं. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या आयुष्याचीही ती नोंद असते. पोलीस, कोर्ट, नगरपालिका यांची कागदपत्रं वाचताना हे कायम लक्षात ठेवा.

१८३२: मुंबईतला कुत्र्यांवरून झालेला दंगा

आता घरातून शहरात येऊ. कुत्र्यांवरून झालेल्या भांडणाची आपल्याकडची सगळ्यात प्रसिद्ध घटना पुण्यातली नाही, मुंबईतली आहे. ६ आणि ७ जून १८३२. मोकाट कुत्री मारण्यासाठी सरकारने दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं होतं. मारण्याची ठरावीक मुदत असायची, त्या वर्षी ती वाढवली. बक्षीस नगावर मिळत असल्यामुळे शिपायांचा उत्साहही वाढला आणि लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्रीही त्यांच्या तावडीत सापडायला लागली.

पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याची नजर लागावी म्हणून 'सगदीद' हा विधी असतो. फोर्ट भागात पारशी जमाव कुत्री मारणाऱ्या शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. बंदमध्ये इतर समाजांचे लोकही होते. शेवटी सैन्य बोलावलं, धरपकड झाली. नंतर समाजातल्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली आणि तोडगा निघाला तो असा: कुत्री मारायची नाहीत, पकडून शहराबाहेर न्यायची.

जेसी पालसेतिया या इतिहासकाराने २००१ मध्ये या दंग्यावर एक सविस्तर लेख लिहिला आहे. विषय लहान आणि प्रश्न मोठा म्हणजे काय, हे त्यात छान दिसतं. लेख कुत्र्यांपाशी थांबत नाही. वसाहती सरकार आणि मुंबईतला धनिक पारशी वर्ग यांचं नातं नेमकं कसं होतं, हे तो दाखवतो.

आता आपले तीन प्रश्न लावून बघा. तक्रार कोणाची? एका बाजूला मोकाट कुत्र्यांची, पिसाळण्याची भीती. दुसऱ्या बाजूला कुत्री मारणाऱ्यांचीच तक्रार. ऐकलं कोणी? मॅजिस्ट्रेटने आणि सरकारने, तेही रसद अडल्यावर. केलं काय? कुत्र्यांना गावाबाहेर पाठवलं. हे वाचताना मला सासवडचा मळा आठवला. पावणेदोनशे वर्षांनी आमच्या सोसायटीनेही तेच केलं होतं.

ऐकणारा बदलतो, तशी तक्रारही बदलते

पेशवाईतल्या पुण्यात शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे होता. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला मनाई. गल्लीतली भांडणं, चोऱ्या, बाजारभाव असं बरंच काही त्याच्या अखत्यारीत यायचं. घाशीराम कोतवाल आपल्याला नाटकामुळे माहीत असतो, पण कोतवाली हे शहर चालवणारं खातं होतं हे विसरू नका. त्या काळातली कागदपत्रं बघायची तर मोडी यावी लागते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेव्हाचे शब्द यावे लागतात. 'ध्वनिप्रदूषण' शोधाल तर हाती काही लागणार नाही. त्या काळचा शब्द 'उपसर्ग'. कुणाला उपसर्ग देऊ नये, उपसर्ग लागू देऊ नये, अशी भाषा जुन्या कागदांत सर्रास येते. व्याकरणातला उपसर्ग वेगळा, हा उपसर्ग म्हणजे त्रास.

इंग्रजी अमलात 'उपद्रव' हा शब्द कायद्याचा झाला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या कलम २६८ मध्ये होती आणि शिक्षा कलम २९० मध्ये, जास्तीत जास्त दोनशे रुपये दंड. प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही, तर कलम २८९. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आता व्याख्या कलम २७० मध्ये, प्राण्याबद्दलचा निष्काळजीपणा २९१ मध्ये आणि उपद्रवाची शिक्षा २९२ मध्ये. दंड वाढून एक हजार झाला. व्याख्येचा गाभा मात्र तोच राहिला.

त्या व्याख्येत एक बारकावा आहे. उपद्रव सार्वजनिक ठरायला तो सर्वसाधारण लोकांना किंवा आजूबाजूला राहणाऱ्या लोकांना व्हावा लागतो. एकट्या खालच्या मजल्यावरच्या काकांना झालेला त्रास त्यात सहजासहजी बसत नाही. तो दिवाणी कोर्टातला खाजगी उपद्रव. म्हणून अशा तक्रारींत भाषा आपोआप फुगते. 'मला झोप येत नाही' याचं 'संपूर्ण इमारतीतील रहिवासी त्रस्त आहेत' होतं. आमच्याविरुद्धच्या अर्जातही 'आम्हास' होतं. आम्हास म्हणजे कोण, दोघं की बारा कुटुंबं? सही मात्र एकच. अर्ज वाचताना तो कोणत्या कलमात बसण्यासाठी लिहिला आहे हे बघा. लोक कायद्याच्या साच्यात स्वतःचं दुःख ओततात. साचा ओळखला नाही तर आपण साच्यालाच दुःख समजून बसतो.

वाडा, बिऱ्हाड आणि भाडे कायदा

आता खास पुण्याकडे येऊ. वाड्यात आवाज खाजगी नव्हता. चौक एक, नळ एक, संडास सामाईक, भिंती पातळ. कोणाच्या घरी भांडण झालं, कोणाचं मूल रडलं, कोणाचं कुत्रं भुंकलं, सगळं सगळ्यांना कळायचं. कुत्रं दिंडीपाशी पडून असायचं आणि अनोळखी माणूस आला की भुंकायचं. ते भुंकणं सगळ्या वाड्याच्या उपयोगाचं होतं. तक्रार व्हायचीच, पण तोंडी. ओसरीवर बसलेल्या आजोबांकडे, नाहीतर घरमालकाकडे.

मग कागद कधी तयार झाला असेल? माझ्या मते याचं एक मोठं उत्तर भाडे कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं गोठवलं. प्रमाणभूत भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० चं भाडं आधाराला घेतलं जायचं. भाडं नियमित देणाऱ्या भाडेकरूला मालक सहज काढू शकत नव्हता. त्यासाठी कायद्यात मोजकी कारणं होती आणि त्यातलं एक असं: भाडेकरूच्या वागण्याने शेजारच्या रहिवाशांना उपद्रव किंवा त्रास होतो. कलम १३ मधलं हे कारण पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम १६ मध्ये तसंच आलं.

याचा अर्थ समजून घ्या. सदाशिव पेठेतल्या वाड्यात एखादा भाडेकरू नाममात्र भाड्यात राहतोय, जागेची किंमत गगनाला भिडली आहे आणि मालकाला जागा मोकळी हवी आहे. अशा वेळी 'यांचा कुत्रा शेजाऱ्यांना त्रास देतो' हे वाक्य किरकोळ राहत नाही, त्यावर कोणाचं तरी घर जाऊ शकतं. कोर्टं अशा कारणाला किरकोळ कुरबुरीपेक्षा बराच भक्कम पुरावा मागतात हे खरं. पण दावा लागला की भाडेकरूची वर्षं कोर्टात जातात, हेही खरं. म्हणून अशा खटल्याचे कागद हाती आले तर तक्रार खरी की खोटी यावर लगेच निकाल देऊ नका. आधी विचारा, ही तक्रार मान्य झाली तर फायदा कोणाचा? याचा अर्थ प्रत्येक तक्रार कपटीच असते असा नाही. खरा त्रास आणि खरा स्वार्थ एकाच अर्जात सुखाने नांदू शकतात.

पानशेतनंतर: सोसायटी नावाचा नवा ऐकणारा

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे त्या दिवशी गेले. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्याच सुमारास दोन कायदे आले: महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० आणि मालकीच्या सदनिकांबद्दलचा १९६३ चा कायदा. पुढच्या काही दशकांत पुणं वाड्यातून सोसायटीत राहायला गेलं.

यातून तक्रार ऐकणारा बदलला. घरमालक गेला, ओसरीवरचे आजोबा गेले आणि चेअरमन-सेक्रेटरी आले. ते तुमच्यासारखेच रहिवासी, बिनपगारी, बहुधा निवृत्त. त्यांचा सगळा व्यवहार लेखी. 'अर्ज द्या, मीटिंगमध्ये ठेवतो.' आदर्श उपविधींमध्ये सभासदांच्या तक्रारींसाठी रीतसर वेगळं प्रकरणच आहे: लेखी अर्ज, समितीच्या सभेत निर्णय, समाधान नाही झालं तर प्रकरणानुसार उपनिबंधक, सहकार न्यायालय, महापालिका, पोलीस.

व्यवस्था म्हणून हे चांगलंच आहे. पण परिणाम बघा. पूर्वी जिना चढून वर जाऊन बोलायची गोष्ट होती, ती आता टपालासारखी फिरून येते. आमच्या बाबतीत हेच झालं. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर यायला अठरा पायऱ्या. अर्ज मात्र खालून सेक्रेटरींकडे, तिथून मीटिंगमध्ये, मग नोटीस बोर्डावर आणि मग आमच्या दारात. त्या अठरा पायऱ्या कोणीच चढलं नाही, आम्हीही उतरलो नाही.

डेसिबल आणि झोप

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. पुणेकरांना हे नियम गणपतीतल्या स्पीकरमुळे पाठ आहेत.

कुत्र्याच्या बाबतीत ही मोजपट्टी तोकडी पडते. नियमातली मर्यादा ठरावीक काळातल्या सरासरीवर आधारलेली आहे. कुत्रा सलग गात नाही. दोनदा भुंकतो, थांबतो. आपण 'आता पुन्हा भुंकेल' म्हणून कान लावून बसतो आणि त्या वाट बघण्यानेच झोप जाते. शिवाय 'रात्र' कायद्याने ठरवली की रात्रपाळी करणाऱ्या काकूंची दुपार कशातच बसत नाही. काकांनी अर्जात काकूंच्या ड्युटीचा उल्लेख का केला नाही, याचं एक उत्तर हेही असेल: साच्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

शांततेची गरज ही सुखवस्तू माणसाची चैन असते असं आपण पटकन म्हणतो. लंडनमध्ये थॉमस कार्लाइलने शेजारच्या कोंबड्यांना आणि इतर गोंगाटाला कंटाळून १८५३ मध्ये घराच्या माळ्यावर आवाज न येणारी खोली बांधवून घेतली, हे उदाहरण सगळीकडे दिलं जातं. लेखकाला लिहायला शांतता हवी होती आणि त्याच्याकडे ती बांधून घ्यायला पैसे होते. काकूंना झोपायला शांतता हवी होती आणि त्यांच्याकडे फक्त अर्ज होता. तक्रारदार कोणत्या वर्गातला, काय काम करणारा, त्याच्याकडे दुसरा कोणता उपाय होता, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासा.

'पाठवून द्या' की 'तिथेच ठेवा'?

आता तिसरा प्रश्न: ऐकणारा करतो काय? इथे मला गेल्या दोनशे वर्षांत तीन उत्तरं दिसतात. मारा. पाठवून द्या. तिथेच ठेवा आणि त्रास कमी करा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांबाबत कायद्याने २००१ मध्ये मोठी कलाटणी घेतली. प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला मूळ जागीच परत सोडायला सांगितलं. २०२३ च्या नव्या नियमांत हे तत्त्व कायम राहिलं. पाळीव कुत्र्यांबद्दल भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्ये परिपत्रक काढलं: सोसायटीला बहुमतानेसुद्धा कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, भुंकणं हे कुत्र्याचं नैसर्गिक बोलणं आहे, पण सतत भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून विशेषतः रात्री त्याला शांत ठेवायचा प्रयत्न मालकाने केला पाहिजे. आमचा कुत्रा गेला त्यानंतर सहा वर्षांनी हा कागद निघाला.

पण 'पाठवून द्या' संपलेलं नाही. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवारागृहात हलवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलून, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची कुत्री नसबंदी-लसीकरणानंतर मूळ जागी सोडायला सांगितलं. ७ नोव्हेंबरला पुन्हा शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका, असा आदेश आला. १८३२ चा तोडगा आणि २००१ चा तोडगा तीन महिन्यांत समोरासमोर आले. दोन्ही बाजूंना खरी भीती आणि खरी माया आहे. चावा लागलेल्या मुलाच्या आईवडिलांना 'इतिहास बघा' असं सांगून चालत नाही, हे आपण अभ्यासक म्हणून विसरता कामा नये.

आपल्या शहराचं ताजं उदाहरण कुत्र्याचं नसून मांजरांचं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतल्या एकाच फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं असल्याची तक्रार रहिवाशांनी केली. वास आणि आवाज. महापालिकेने मांजरं हलवायची नोटीस दिली. इथेही तीन प्रश्न लावून बघा. उत्तरं आमच्या २००९ च्या अर्जापेक्षा वेगळी येतात आणि तो फरकच अभ्यासाचा विषय आहे.

काकूंची मुलाखत

अर्जाचा अर्थ लागल्यावर मी खाली गेलो. काका आता नाहीत. काकूंना आधीच सांगितलं की मी हे संशोधनासाठी विचारतोय, तुमचं नाव येणार नाही, नको असेल तर काहीच लिहिणार नाही. संमतीपत्राचा कागदही दिला. त्यांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, तुझ्या आईला मी तेव्हाच सांगणार होते, दुपारी किल्ली माझ्याकडे दे म्हणून. मी काही पूर्ण वेळ झोपत नव्हते. पण यांनी अर्ज दिला आणि मग मला वर यायची लाज वाटली."

मग थोडं थांबून विचारलं, "कुत्रं कुठे नेलंत तुम्ही? मला वाटलं होतं, ट्रेनिंगला वगैरे नेलं असेल."

चौदा-पंधरा वर्षं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यानंतरचं माझ्या वहीत नाही, कारण मी लिहिणं थांबवलं होतं. काकूंनी संमतीपत्रावर सही केली ती आठवड्याने. तीही एका अटीवर: 'यांना वाईट माणूस म्हणून लिहू नकोस.' ती अट मी पाळतोय, आणि ती अट नसती तरी पाळावीच लागली असती. काका बायकोच्या झोपेसाठी भांडत होते, हेच पुराव्यातून दिसतं.

कागदावरून मी एक गोष्ट रचली होती: विरुद्ध बाजू, जिंकणारा, हरणारा. मुलाखतीने ती मोडली. फक्त कागदावर थांबलो असतो तर माझं लेखन चुकीचं ठरलं नसतं, पण अपुरं नक्की राहिलं असतं.

तुमच्यासाठी काम

सिनॉप्सिस लिहायच्या आधी हे करून बघा. कोणतीही एक तक्रार घ्या. सोसायटीच्या फाइलमधली, जुन्या 'सकाळ'मधल्या वाचकांच्या पत्रांतली, कोर्टाच्या निकालातली. मग या प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन ओळींत उत्तरं लिहा:

१. तक्रार कोणाच्या सहीने आहे आणि त्रास प्रत्यक्षात कोणाला होतोय? हे दोघं एकच आहेत का?

२. ती कोणाला उद्देशून लिहिली आहे? तो ऐकणारा त्या काळी का महत्त्वाचा होता?

३. त्रासासाठी कोणता शब्द वापरला आहे? उपसर्ग, उपद्रव, त्रास की प्रदूषण? तो शब्द कुठून आला?

४. वेळ, जागा, अंतर यांचे तपशील कोणते? विरुद्ध बाजूच्या आयुष्याबद्दल ते काय सांगतात?

५. तक्रार मान्य झाली तर कोणाला काय मिळणार होतं?

६. शेवटी काय केलं गेलं? मारलं, पाठवलं, ठेवलं, की नुसती नोटीस लावली?

७. कागदात काय नाही? आणि ते विचारायला अजून कोण हयात आहे?

सातवा प्रश्न सगळ्यात तातडीचा. कागद कपाटात थांबतील, माणसं थांबत नाहीत. मला काका भेटायला हवे होते.

आणि तुमच्या वरच्या मजल्यावर खरोखरच कुत्रा भुंकत असेल, तर तारखा आणि वेळा आठवडाभर नीट लिहून ठेवा, त्या पुढे कोणाच्याही उपयोगी पडतील. पण अर्ज टाइप करायच्या आधी ती वही घेऊन एकदा जिना चढा. आमच्या घरी आता कुत्रा नाही. आईकडे आणि काकूंकडे मात्र गेल्या वर्षीपासून एकमेकींच्या घराची किल्ली असते.

पुढच्या वेळी: मोडी येत नसताना पेशवे दप्तराच्या छापील खंडांतून सुरुवात कशी करायची. तोपर्यंत तुमचा एक कागद शोधून ठेवा.